गॅलरीतली व्यक्ती

दार वाजलं तेव्हा वहिनीच्या एका हातात दुधाचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा चष्मा. चष्मा फ्रीजवर सापडला होता. तो तिथे आपल्या पायांनी चालत गेला असावा, असं नवऱ्याचं म्हणणं होतं.

"बघ गं कोण आहे ते," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"बघते. तुम्ही आधी हा लावा, म्हणजे तुम्हालाही दिसेल कोण आहे ते."

पुन्हा वाजलं. या घराला घंटा आहे, चांगली खणखणीत वाजते. घंटा सोडून दारावर बोटांनी टकटक करणारं माणूस एकच होतं, आणि ते गेल्या वर्षी दोन बॅगा घेऊन घर सोडून गेलं होतं. वहिनीनं पातेलं ओट्यावर ठेवलं, ठेवलं म्हणजे जवळजवळ आदळलंच, आणि ओल्या हातांनी कडी काढली.

दारात एक तरुण मुलगी उभी होती. पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी, काखेत गुंडाळी केलेलं प्लास्टिकचं कापड.

"घंटा बंद आहे का काकू?"

"चालू आहे की."

"मग मला दिसलीच नाही," मुलगी म्हणाली आणि हसली.

वहिनीच्या चेहऱ्यावर जे काही आलं होतं, ते आवरून परत जागेवर ठेवायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं मुलीला आत घेतलं.

मुलगी सर्वेक्षणाच्या कामावर होती. गुरुवारी सकाळी या भागावरून ड्रोन फिरणार होता, त्याला वरून ओळखता यावी अशी खूण म्हणून काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं ते कापड एखाद्या गच्चीवर अंथरायचं होतं.

"सगळ्या गल्लीत तुमचीच गच्ची मोकळी आहे," ती म्हणाली. "वरून बघून ठेवली होती मी."

"वरून म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"कॉम्प्युटरवर पृथ्वीचा गोल असतो ना, आजोबा. फिरवायचा आणि पाहिजे तिथे खाली उतरायचं. त्यात तुमचं घर कोणीतरी हातानं केलेलं आहे. जुन्या पद्धतीचं, पण फार नीट."

'आजोबा' गिळायला नवऱ्याला जरा जड गेलं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. "कोणीतरी म्हणजे ही," तो म्हणाला. "ही काय, समोर उभी आहे."

मुलीनं टोपी काढली. "काकू, खरंच? एकटीनं केलंत?"

"नाही," वहिनी म्हणाली. "दोघींनी." आणि चहा टाकायला आत गेली.

वहिनी भूगोल घेऊन पदवीधर झालेली. लग्नानंतर त्या भूगोलाचा उपयोग कुठल्या फळीवर कुठला डबा एवढं लक्षात ठेवण्यापुरताच उरला होता. मग एकदा वाचनालयात घरी असणाऱ्या बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, आणि शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी गंमत म्हणून तो पृथ्वीगोल उघडून दाखवला. सगळ्याजणी आपापलं माहेर शोधायला लागल्या. वहिनीनं राहतं गाव शोधलं आणि तिला वाईटच वाटलं. रस्ते होते, नदी होती, पण घरं म्हणजे जमिनीला चिकटलेली नुसती छपरं. कोणी सगळ्या गावावरून इस्त्री फिरवून गेल्यासारखं. बोट जरा सरकवलं तर शेजारचं मोठं शहर मात्र भिंती-खिडक्यांसकट ताठ उभं.

"आमचं गाव का झोपलंय?" तिनं विचारलं.

"कोणीतरी उठवायला हवं ना," बाई म्हणाल्या. "त्या शहरातल्या हौशी लोकांनी घरी बसून इमारती करून पाठवल्यात. कोणीही पाठवू शकतं."

वहिनी घरी आली ती हे सांगतच. ऐकायला वन्सं होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, उभी हयात बसच्या आगारात चौकशीच्या खिडकीमागे काढली आणि निवृत्त झाल्या. वरची खोली त्यांची, खोलीपुढची गॅलरी त्यांची. साठी उलटलेल्या भावाला त्या अजून बाळ म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. धाकट्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणायचं खरं तर काही कारण नव्हतं, पण सगळी गल्ली म्हणते म्हणून त्याही म्हणत, आणि वर अगं-तुगं करत.

"म्हणजे करायचं काय नेमकं?" त्यांनी विचारलं.

"इमारतीचे चारी बाजूंनी फोटो काढायचे. कॉम्प्युटरवर तशाच मापाचा खोका करायचा आणि त्याच्या भिंतींना ते फोटो चिकटवायचे. वहीला कव्हर घालतो तसं."

"आणि उंची? टेप घेऊन भिंतीवर चढणार आहेस?"

तिथे वहिनीचं गाडं अडलं. ते वन्संनी पुढे ढकललं. कोळ्याची जाळी काढायच्या लांब काठीला त्यांनी लाल-पांढरे फुटाफुटाचे पट्टे रंगवले. काठी भिंतीला टेकवून फोटो काढायचा, फोटोतल्या पट्ट्यांवरून भिंतीची उंची काढायची. काठी धरायला माणूस हवं. ते माणूस वन्सं.

सकाळची कामं उरकली की दोघी निघत. वहिनीच्या गळ्यात कॅमेरा, वन्संच्या खांद्यावर काठी. कोपऱ्यावरचा भाजीवाला ओरडायचा, "आली बघा सरकारी मोजणी! माझी गाडी पण मोजा!"

"तुझी गाडी नाही, तुझा तराजू मोजायला हवा," वन्सं न थांबता सांगत.

फोटोत भिंतीसमोर काही नको असायचं, म्हणजे स्कूटर नको, हातगाडी नको, माणूस तर नकोच. ते काम वन्संच्या आवाजाचं. ज्या आवाजानं त्यांनी चुकीच्या बसमध्ये चढलेली माणसं आयुष्यभर खाली उतरवली होती, त्याच आवाजात त्या म्हणत, "ओ स्कूटर, जरा मागं! ओ छत्री, तुम्ही पण!" गर्दी निमूट मागे सरायची. पण ती एकदाच सरायची. एक फोटो काठीसकट आणि एक काठीशिवाय, असं दोनदा तिला थोपवणं वन्संनाही कधी जमलं नाही. त्यामुळे जो काय फोटो मिळायचा, त्यात काठी आणि काठी धरलेल्या वन्सं असायच्याच.

पहिलं केलं ते टपाल कार्यालय. कुठल्याशा दूर देशात ही कामं तपासणारी माणसं बसत. त्यांच्याकडून ते परत आलं. शेरा होता, इमारत जमिनीपासून वर तरंगत आहे.

"असू दे की," वन्सं म्हणाल्या. "निदान एकदा तरी आपलं टपाल हललं."

वहिनीनं टपाल कार्यालय खाली उतरवून पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. आता शेरा होता, दर्शनी भिंतीवर व्यक्ती दिसत आहे, ती काढून टाकावी.

वन्संनी वाकून तो शेरा स्वतः वाचला. "व्यक्ती," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबच्या माणसाला मी व्यक्ती वाटले बघ. आमच्या बाळाला अजून वाटत नाही."

"ताई, मी ऐकतोय हं!" आतून नवरा.

मग वहिनी पुसायला शिकली. फोटोतल्या स्वच्छ भिंतीचा तुकडा उचलायचा, माणसावर ठेवायचा आणि कडा मऊ करायच्या. एका परीनं ठिगळच, आणि ठिगळ लावण्यात वहिनीचा हात मूळचाच चांगला. आधी काठी जायची, मग हात, मग खांदे. वन्सं मागे खुर्ची टाकून बिस्किटं खात बसत आणि आपलं जाणं बघत.

"आज मला संपवायला एवढा वेळ?"

"मागे विटा आहेत ना. विटांवर जड जाता तुम्ही."

"आणि प्लॅस्टरवर?"

"प्लॅस्टरवर पटकन जाता."

"हलकी झाले म्हणायचं," वन्सं म्हणत आणि बिस्किटाचा पुडा पुढे करत.

कॉम्प्युटर जुना होता, त्यात जागा कमी. मूळ फोटो वेगळे ठेवायची चैन नव्हती. पुसलेला फोटो मूळ फोटोच्या जागी बसायचा आणि पहिला जायचा. शाळा झाली, दवाखाना झाला, पाण्याची टाकी झाली, वाचनालय झालं. सगळीकडे वन्सं उभ्या राहिल्या आणि सगळीकडून गेल्या. आगाराच्या इमारतीत तर त्या त्यांच्याच जुन्या चौकशीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. तिथूनही वहिनीनं त्यांना पुसलं, तेव्हा त्या खूप हसल्या. "रिटायर झाल्याचं आज पटलं," म्हणाल्या.

घर त्यांनी सर्वांत शेवटी घेतलं. हे घर वन्संच्या आणि नवऱ्याच्या वडिलांनी बांधलेलं. त्याची मापं वन्संना पाठ होती, त्यामुळे काठीचं काम नव्हतं. वहिनी रस्ता ओलांडून समोर जाऊन उभी राहिली, कॅमेरा डोळ्याला लावला, तर वन्सं वर गॅलरीत. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतली निळी शाल, दोन्ही हात कठड्यावर.

"सरकू का गं?" त्यांनी वरून विचारलं.

"राहू द्या. काढीन मी नंतर!" वहिनी खालून ओरडली.

आणि तिनं नंतर काढलं. त्या संध्याकाळी तिनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. हात शिकलेला होता, तो आपला चालत राहिला.

काही दिवसांनी घर मंजूर झाल्याचं कळलं तशी वहिनीनं दोघांना हाका मारून बोलावलं. पृथ्वी फिरली, नदी आली, गल्ली आली, आणि गल्लीच्या टोकाला घर उभं राहिलं.

"अरे, आपलं घर!" नवरा म्हणाला. "मागची पन्हाळसुद्धा आहे की!"

"पुढची बाजू दाखव," वन्सं म्हणाल्या. वहिनीनं घर फिरवलं. गॅलरी समोर आली. "मी होते ना इथे?"

"होतात की!" वहिनीला केवढा उत्साह. "पण कुठे होतात ते कळतंय का, सांगा बघू. कठड्याचे गज एकेक करून परत काढलेत मी. तुमची सावली पडली होती दारावर, तीही काढली. आहे कुठे जोड?"

वन्संनी नाक स्क्रीनला लागेपर्यंत वाकून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तुझा हात फार चांगला बसलाय."

त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही. गुडघे धरतात म्हणाल्या. मग एकदा जेवताना सांगितलं की आगारातली मैत्रीण तिच्या गावी एकटीच राहते, एक खोली रिकामी आहे, ये म्हणते.

"जाऊन ये की ताई," नवरा म्हणाला. "तेवढाच बदल."

"जाऊन येत नाहीये. जातेय."

नवऱ्यानं वाटीतलं सगळं ताटात ओतलं आणि मान खाली घालून जेवत राहिला. थांब असं त्यानं म्हटलं नाही. वहिनीला वाटलं, भाऊ म्हणत नाही तिथे मी कशी म्हणू. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तेवढ्यात बॅगा भरून झाल्या.

निघताना वन्सं दारात थांबल्या. "तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं," त्या वहिनीला म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते तुझ्याशी. पण किती सहज झालं गं तुला. कोणालाच काही अडलं नाही."

वहिनीनं मग काय काय करून पाहिलं. मूळ फोटो तर उरलाच नव्हता. कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तिनं वन्संना कापून गॅलरीत उभं केलं, तर त्यांच्या हातात जेवणाची बशी निघाली. बशी काढली तर हात हवेत राहिले. तसंच पाठवलं, ते परत आलं. शेरा तोच, व्यक्ती दिसत आहे. नंतर हातानं केलेल्या इमारती घेणंच बंद झालं. घर तिथे उभं राहिलं ते तसंच, स्वच्छ आणि रिकामं.

रविवारी दोघी फोनवर बोलत. गुडघे, पाणी, साबणाचे भाव. फोन ठेवला की वहिनी उगाच वर जाऊन खोली झाडून येई. तिथे झाडण्यासारखं काही नसायचं. संध्याकाळी बिस्किटाचा पुडा फोडायची आणि तो दोघांत संपायचा नाही. कोणी काही चावट बोललं की ते सांगायला मान वळायची, खुर्ची तिथेच असायची. नणंदेच्या आठवणीनं आपण असं झुरतो आहोत, हे वहिनीनं कोणाला सांगितलंही नसतं. ऐकणाऱ्यांनी डोळेच विस्फारले असते.

चहा झाल्यावर वहिनी मुलीला गच्चीवर घेऊन निघाली. जिना वरच्या खोलीतून जायचा. मुलीनं खोलीत नजर फिरवली, घडी घातलेली गादी पाहिली.

"इथे कोणी राहत नाही का?"

"राहतात," वहिनी म्हणाली. "बाहेरगावी गेल्यात."

कापड अंथरून त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवता ठेवता मुलगी थोडी संकोचून बोलली. "काकू, एक सांगू? या ड्रोनच्या फोटोंवरून सगळं गाव आता कॉम्प्युटर आपोआप उभं करतो. म्हणजे तुमचं हातचं काम... ते सगळं जाईल. वाईट वाटतंय मला."

"शाळा पण?"

"सगळंच."

वहिनीनं एक दगड नीट सरकवला. तिच्या मनात भलतंच आलं होतं. "आणि माणसं येतात का गं त्यात?"

"चालती-फिरती नाही येत. शेकडो फोटो असतात, वेगवेगळ्या बाजूंनी. सगळ्या फोटोंत जे एकाच जागी सापडतं तेवढंच टिकतं. उभी गाडी येते. वाळत घातलेल्या चादरी येतात. मागच्या गावात एक आजोबा गच्चीत खुर्चीवर झोपले होते, ते आले. जरा मेणबत्ती वितळल्यासारखे, पण आले."

"मग नंतर कोणी पुसलं नाही त्यांना?"

"पुसायला बसलंय कोण, काकू? ते अजून झोपलेत तिथे."

वहिनी कठड्याशी जाऊन खाली वाकली. इथून गॅलरी सरळ खाली दिसते. "गॅलरीत कोणी उभं राहिलं तर?"

"जमेल. पण ड्रोन सगळीकडून फिरून जाईपर्यंत हलायचं नाही. अर्धा तास धरा. आणि चेहरा नाही येणार हं, नुसता आकार. तुम्हाला उभं राहायचंय का?"

"मला नाही," वहिनी म्हणाली.

तिनं फोनसाठी रविवारची वाट पाहिली नाही. मुलगी गेल्या गेल्या लावला.

"वन्सं, गुरुवारी काय करताय?"

"गुरुवारी? शुक्रवारची वाट बघेन. का गं?"

"काही नाही. सहज."

"सहज कोणी वार विचारत नाही. माझ्या खिडकीशी येऊन वार विचारणाऱ्याला कुठेतरी जायचं असायचं."

वहिनीच्या तोंडात शब्द आले आणि तिथेच फिरत राहिले. फोनवर हे कसं सांगायचं? गॅलरीत उभ्या राहा, म्हणजे चेहरा नसलेला आकार येईल तुमचा? "हे विचारत होते, गुडघे कसे आहेत," ती म्हणाली.

"बाळ विचारत होता? दे त्याला."

नवऱ्यानं खुर्चीतूनच दोन्ही हात हलवून नको-नको केलं.

"अंघोळीला गेलेत."

"या वेळेला?"

"उकडतंय."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "ठेवते मग."

फोन ठेवून वहिनी नवऱ्याकडे वळली. "काय झालं होतं घ्यायला?"

"मी काय बोलणार?"

"ये म्हणायचं."

"माझं ऐकेल का ताई?"

"म्हणून बघितलंयत कधी?"

नवरा उठून खिडकीशी गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "मला वाटलं, तिला कंटाळा आला असेल आपला," तो म्हणाला. "मी थांब म्हटलं असतं तर तिला नाही म्हणायला लागलं असतं."

बुधवारी सकाळी तो स्वतःच वहिनीला आगारावर सोडायला आला. खिडकीवर जाऊन बस विचारली, तिकीट काढलं, पाण्याची बाटली आणून दिली. बस सुटताना तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. "ताईला म्हणावं," त्यानं सुरुवात केली, तेवढ्यात चालकानं गाडी मागे घेतली आणि पुढचं वहिनीला काही ऐकू आलं नाही. तो मात्र बोलत होता. ओठ हलताना दिसत होते.

बसमध्ये वहिनीनं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं. आधी माफी, मग ड्रोन, मग नवऱ्याचं. एकदा तर ती मनातल्या मनात इतकं छान बोलली की तिचे तिलाच डोळे पुसावे लागले, आणि शेजारच्या बाईंनी तिला खिडकी उघडू का म्हणून विचारलं.

मैत्रिणीनंच दार उघडलं. ती आगारात कंडक्टर होती, अजून तशीच पाय फाकून उभी राहायची. "चौकशी!" तिनं आत हाक दिली. "तुमच्याकडे प्रवासी आलाय!"

वन्सं मागच्या खोलीत होत्या. एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या घराची बिनगिलाव्याची भिंत. वहिनीला बघून त्या उठायला गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून परत बसल्या.

"बाळ बरा आहे ना?" पहिला प्रश्न.

"बरे आहेत. आगारावर सोडायला आले होते."

"तो? आगारावर?" वन्संनी भुवया उंचावल्या. "मी नोकरीत असताना एकदा आला नाही."

मैत्रीण चहा ठेवून गेली. वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"बघते मी कधी कधी," वन्सं खिडकीकडे बघत म्हणाल्या. "हिच्या फोनवर. घर बोटानं फिरवता येतं. ती मागची पन्हाळ तू वाकडी केलीस."

"वाकडीच आहे ती."

"हो. बाबांनी स्वतः लावली होती, कोणाला हात लावू दिला नव्हता." त्या जरा हसल्या. मग हसू गेलं. "गॅलरी मात्र चकचकीत. बघितलं की वाटतं, इथे कोणी राहतच नसेल."

"ते सगळं जाणार आहे, वन्सं. शाळा, टाकी, घर, सगळंच. उद्या सकाळी वरून नवे फोटो काढणार आहेत. ते कॉम्प्युटरच लावतो, माझ्या हाताचं त्यात काही नाही. कोणी पुसत नाही."

"अरेरे. एवढे कष्ट केलेस."

"कष्ट जाऊ दे." वहिनीचा आवाज एकदम चढला, पलीकडे मैत्रिणीच्या खोलीतला रेडिओ बारीक झाला. "त्या दिवशी तुम्ही वरून विचारलंत, सरकू का. मी म्हटलं, काढीन नंतर. विचार केला असता तर काढलंच नसतं तुम्हाला. मी विचारच केला नाही. रोज करत होते तेच केलं."

"कळतं गं मला."

"तुम्हाला कळतं, पण तुम्ही इथे आहात."

वन्संनी कप उचलला, न पिता खाली ठेवला. "आणि बाळ काय म्हणाला?"

"काहीतरी म्हणत होते. बस सुटली."

"बसचं असंच असतं," वन्सं हळूच म्हणाल्या. बाहेरच्या भिंतीवर ऊन आलं होतं, त्यात विटांमधली चुन्याची रेघ न् रेघ दिसत होती. "मग तू नेमकी कशाला आलीस, वहिनी? हे सांगायला, की घर जाणार आहे?"

"नाही," वहिनी म्हणाली. "मागायला आलेय. आज माझ्याबरोबर घरी चला, आणि उद्या सकाळी गॅलरीत उभ्या राहा."